परदेशी उधारीचा जामीन

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या व्यापारात 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार असे. गलबतावर माल चढला की त्या मालापोटी हुंडी लिहावयाची. गलबत सुखरूप पोचले तर पैसे द्यावयाचे, वाटेत बुडाले तर देणे लागावयाचे नाही. उधारी आणि विमा हे दोन्ही व्यवहार असे एकाच कागदात उरकत. पण या कागदात भीती होती ती समुद्राची. माल उतरवून घेणारा शेठ पैसे चुकते करील की नाही, हे ज्याने त्याने आपल्या अकलेने आणि ओळखीपाळखीने ताडावयाचे. त्यासाठी सरकारकडे जामीन मागावयाचा, ही कल्पना त्या व्यवहारात नव्हती.

ही जामीनकी सरकारी खाते काढून प्रथम पत्करली ती ब्रिटनने, १९१९ साली. व्यापार ज्याचा त्याने पाहावा, सरकारने त्यात हात घालू नये, हे ब्रह्मवाक्य ज्या देशाने जगाला शिकविले, त्याच देशाने हे करावे याचे नवल वाटते. पण महायुद्धाने पुष्कळ ब्रह्मवाक्ये गुंडाळून ठेवावयास लावली होती. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जहाजांच्या युद्धजोखमीचा विमा सरकारने स्वतः उतरविला होता, आणि तो निभावूनही नेला होता. युद्ध संपले तेव्हा प्रश्न वेगळा उभा राहिला. सैनिक घरी परतत होते, त्यांना काम हवे होते. पूर्व युरोपात नवी राष्ट्रे जन्मली होती, त्यांना कापड हवे होते, यंत्रे हवी होती. परंतु त्यांच्या चलनाला किंमत नव्हती आणि बँका त्यांना दारात उभ्या करीत नव्हत्या. गिऱ्हाईक आहे, माल आहे, पण मधला विश्वास नाही.

१९२० च्या कायद्याने या कामासाठी २ कोटी ६० लक्ष पौंडांची मर्यादा घालून दिली. आरंभीची रीत अशी की निर्यात करणाऱ्याला सरकारने रोख उचल द्यावी. ती फारशी कोणी घेतली नाही. यात व्यापाऱ्यांचा दोष नव्हता. ज्या देशांत पैसे बुडण्याची धास्ती सर्वांत मोठी, नेमक्या त्यांच्यापुरतीच योजना आखली तर शहाणा व्यापारी तिच्याकडे पाठच फिरविणार. १९२१ मध्ये खात्याने रोख देण्याचे धोरण बदलून हुंडीची हमी द्यावयास सुरुवात केली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील महत्त्वाचे वळण हेच. सरकारने तिजोरी उघडावयाची नाही, केवळ शब्द द्यावयाचा. त्या शब्दावर विसंबून बँकेने हुंडी वटवावयाची. रोख पैसा एका व्यवहारात गुंतून पडतो, शब्दाला मात्र गिऱ्हाइकाने चुकवल्यावरच किंमत मोजावी लागते. १९२६ मध्ये योजनेची पुन्हा मांडणी झाली आणि पुढे कित्येक दशके चाललेले हमीखाते आकारास आले.

आता सरकारच कशाला, विमा कंपन्या नव्हत्या काय, असे कोणी विचारील. होत्या. गिऱ्हाइकाचे दिवाळे निघण्याचा अंदाज कंपनी बांधू शकते; शंभरांतले किती बुडतात हे तिला अनुभवाने ठाऊक असते. परंतु गिऱ्हाईक सचोटीचे आहे, त्याने आपल्या गावच्या बँकेत पैसे भरलेही आहेत, आणि त्याच्या सरकारने परकी चलन बाहेर जाऊ द्यावयाचे नाही असा हुकूम काढला, तर? १९३१ नंतर युरोपात देशोदेशी असे हुकूम निघाले. येथे एक गिऱ्हाईक बुडत नाही, त्या देशाकडील सारी उधारी एकदमच अडकते. एवढा भार पेलणारा जामीन सरकारखेरीज दुसरा मिळणे कठीण.

आणि सरकार जामीन झाले की राजकारण आलेच. जर्मनीने १९२६ मध्ये सोव्हिएत रशियाला ३० कोटी मार्कांची उधारी दिली, तिच्यातील ६० टक्क्यांची हमी मध्यवर्ती व घटक सरकारांनी उचलली होती. बोल्शेविकांशी वैर तोंडाने चालू होते, यंत्रांच्या मागण्या मात्र नोंदविल्या जात होत्या. अमेरिकेत फेब्रुवारी १९३४ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी निर्यात-आयात बँक काढली तीही रशियाशी व्यापार करण्यासाठीच. पण जुन्या कर्जांचा वाद मिटेना, म्हणून तो बेत बारगळला. मग तिच्या जोडीला काढलेल्या दुसऱ्या बँकेचे पहिले कर्ज गेले क्यूबाला, चांदीची नाणी पाडण्यासाठी! १९३८ च्या अखेरीस याच बँकेने जपानशी झुंजणाऱ्या चीनसाठी अडीच कोटी डॉलर मंजूर केले. कागदोपत्री तो व्यापार होता. त्याचा अर्थ टोकियोत सर्वांना कळला.

दुसऱ्या महायुद्धानंतर देशादेशांत स्वस्त उधारीची चढाओढ लागली. अखेर १९७८ मध्ये श्रीमंत राष्ट्रांनी व्याज किती कमी घ्यावे आणि मुदत किती लांबवावी यावर आपसांत बंधन घालून घेतले. हमीची किंमत कशी मोजावी लागते याचा धडा १९९० मध्ये मिळाला. इराकने कुवेत घेतले, आणि इराकला उधार माल देण्यासाठी हमी दिलेल्या सरकारांच्या गळ्यात ते येणे पडले. लँकेशायरच्या विणकराला काम मिळावे म्हणून जी सोय काढली, तिच्या आधाराने हुकूमशहाच्या घरी काय काय गेले, हे करदात्याने विचारू नये काय? ब्रिटनमध्ये ते विचारले गेले. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, त्या सरकारने अल्प मुदतीच्या विम्याचे काम एका डच कंपनीला विकले. दीर्घ मुदतीची मोठी जोखीम मात्र स्वतःकडे ठेवली.

आपल्याकडे हे काम मुंबईत सुरू झाले. ३० जुलै १९५७ रोजी निर्यात जोखीम विमा महामंडळ स्थापन झाले. १९६४, १९८३ आणि २०१४ मध्ये त्याचे नाव पालटले, आणि आज ते ईसीजीसी या नावाने ओळखले जाते. माल पाठविण्याआधी कच्चा माल आणि मजुरी यांसाठी बँक जे कर्ज देते, त्याचीही हमी ते बँकेला देते. लहान निर्यातदाराच्या दृष्टीने, घरादाराचे तारण मागणारी बँक जरा नरम पडते ती येथे. मात्र परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडविले तर महामंडळ सारी भरपाई करीत नाही. काही हिस्सा निर्यातदाराच्या अंगावर ठेवण्याची चाल आहे. कारण पूर्ण भरपाईची खात्री असली, तर गिऱ्हाइकाची चौकशी करावयास तो कशाला जाईल?