बाईच्या दिवसाचा हिशेब कोणी मांडला?



गटाच्या बैठकीत आपण पैशाचा हिशेब किती काटेकोर ठेवतो! कोणी किती भरले, कर्ज कोणाला दिले, हप्ता कोणाचा थकला, सगळे वहीत असते. दहा रुपयांचा मेळ बसला नाही तर सचिवबाईंना रात्रभर झोप लागत नाही. पण वेळेचा हिशेब विचारला, की आपण सगळ्या हसतो. ‘बाईच्या वेळेचा कसला आलाय हिशेब?’ तर असा हिशेब आहे, तो सरकारदरबारी मांडला गेला आहे आणि त्यासाठी बायांना पुष्कळ वर्षे झगडावे लागले आहे. आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

आपल्या आज्या-पणज्यांकडे घड्याळ नव्हते, पण वेळ त्यांना नेमकी कळायची. कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर बसायचे, तांबडे फुटायच्या आत पीठ व्हायला हवे. दळताना ओव्या म्हटल्या जायच्या. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांच्या साथीने ह्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. ह्या संग्रहाकडे आम्ही आणखी एका नजरेने पाहतो. लाखभर ओव्या म्हणायला किती पहाटा लागल्या असतील? गावोगावी गिरण आली आणि जाते कोपऱ्यात गेले. हात सुटले, वेळ वाचला. तो वाचलेला वेळ कुठे गेला, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

लिहिणारे होते, पण ते दुसरेच काहीतरी लिहीत होते. जनगणनेचा माणूस दारात यायचा आणि घरातल्या पुरुषाला विचारायचा, ‘बायको काय करते?’ उत्तर यायचे, ‘काही नाही, घरीच असते.’ बाई त्या वेळी गोठ्यात धार काढत असायची. १९६१ च्या जनगणनेत जेवढ्या बाया ‘काम करणाऱ्या’ म्हणून लागल्या होत्या, तो आकडा १९७१ मध्ये जवळजवळ निम्म्यावर आला. दहा वर्षांत देशातल्या निम्म्या बायांनी विळा-खुरपे खाली ठेवले होते काय? तसे नव्हते. १९७१ ला ‘मुख्य काम कोणते’ असे विचारले गेले. घरकाम आणि शेतकाम दोन्ही करणाऱ्या बाईचे मुख्य काम घरकामच धरले गेले आणि कागदावर ती बिनकामाची झाली. बदलला होता तो मुख्यतः प्रश्न.

१९७४ च्या अखेरीस स्त्रियांच्या स्थितीबद्दलचा समितीचा अहवाल सरकारला सादर झाला. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. कामाच्या आकड्यांमध्ये बाई दिसतच नाही, ही गोष्ट त्यातून ठळकपणे पुढे आली. आता दाखवायची कशी, हा पुढचा प्रश्न होता.

त्याला एक उत्तर देवकी जैन यांनी शोधले. त्या अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी आणि मालिनी चंद यांनी १९७६-७७ मध्ये राजस्थानातली तीन आणि पश्चिम बंगालमधली तीन अशी सहा खेडी निवडली. ‘तुम्ही काम करता का?’ असे विचारण्याऐवजी घरातले प्रत्येक माणूस दिवसभर काय करते, हे बघून तासातासाने टिपून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. म्हणजे नुसत्या शब्दावर विसंबायचे नाही. ‘काम’ हा शब्द आला की बाईला वाटते पगार, मजुरी. गवत कापून आणले, धान्य झोडले, पाखडले, गुरे पाहिली, हे तिच्या मते काम नसतेच, ते ‘घरचेच’ असते. दिवस टिपला गेल्यावर दिसले, की सरकारी पाहणीत बिनकामाच्या ठरलेल्या कितीतरी बाया प्रत्यक्षात कमाईला हातभार लावणारी कामे करत होत्या. लहान मुलीसुद्धा. पाच-सात वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसते, म्हणून आईला शेतात जाता येते. ती पोर कुठल्या रकान्यात धरायची?

वेळ टिपण्याची रीत काही आपल्याच देशात जन्मली नाही. रशियात १९२० च्या दशकात स्त्रुमिलिन नावाच्या अर्थतज्ज्ञाने कामगार कुटुंबांच्या वेळेची मोजदाद केली होती. पुढे १९६५ च्या सुमाराला हंगेरीच्या सालाई यांच्या पुढाकाराने बारा देशांत एकाच वेळी पाहणी झाली. पण तिकडे लोक वही घेऊन स्वतःच लिहायचे. आपल्याकडच्या खेड्यात त्या काळी बहुतेक बायांना लिहिता येत नव्हते आणि घरात घड्याळही नव्हते. म्हणून जवळ बसून, बोलत बोलत दिवस उलगडून घ्यावा लागे. ‘पाणी आणायला गेलात तेव्हा सकाळची एसटी आली होती का?’ ‘शाळेची घंटा झाली होती का?’ अशा खुणांवरून वेळ ठरवायची. आमच्या मते हीच पद्धत जास्त खरी. बाईच्या हाती वही दिली, तर ती दुपारची अर्धा तासाची विश्रांती आठवणीने लिहील आणि जळण गोळा केलेले विसरून जाईल.

१९८८ मध्ये इला भट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा ‘श्रमशक्ती’ हा अहवाल आला. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नापुढे ‘घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनमोबदला केलेले काम धरून’ अशा अर्थाचे शब्द घातले गेले. एवढेसे शब्द, पण ते घालायला वीस वर्षे गेली. त्यानंतर १९९५ मध्ये बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत ठरले, की बिनपगारी कामाचा वेळ सगळ्या देशांनी मोजावा.

आपल्या सरकारने ही मोजणी पहिल्यांदा जुलै १९९८ ते जून १९९९ ह्या वर्षात केली. हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तामिळनाडू आणि मेघालय ही सहा राज्ये आणि सुमारे साडेअठरा हजार घरे. महाराष्ट्र त्यात नव्हता. ह्या पाहणीच्या तज्ज्ञ समितीच्या अध्यक्ष पुन्हा देवकी जैनच होत्या. वर्षभर पाहणी चालली हे महत्त्वाचे, कारण सुगीतला दिवस आणि वैशाखातला दिवस सारखा नसतो. रोजचा दिवस, आठवडी सुट्टीसारखा वेगळा दिवस आणि लग्न-आजारपणासारखा अधला-मधला दिवस, असे दिवसांचे प्रकारही केले होते. (बाईच्या आठवडी सुट्टीला काय लिहिले असेल, याचे आम्हाला फार कुतूहल आहे.) निकाल असा आला : स्वयंपाक, झाडलोट, मुले, म्हातारी-आजारी माणसे ह्या बिनपगारी कामाला बाईचे आठवड्याला सरासरी ३४.६ तास जातात आणि पुरुषाचे ३.६ तास. नऊ-दहा पट. हे आपल्याला ठाऊक होतेच, पण आता ते सरकारी कागदावर आले.

पुढची पाहणी व्हायला मात्र २०१९ उजाडले. ह्या वेळी सगळा देश होता, आपला महाराष्ट्रही. एक लाख अडतीस हजारांवर घरे. दिवसाची सुरुवात पहाटे चारला धरली आणि दुसऱ्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण पाडले. पहाटे चार, म्हणजे बघा, जात्याचीच वेळ!

आकडे सांगतो. त्या दिवशी घरकाम केलेल्या बाया शंभरात ८१, पुरुष २६. ज्यांनी केले त्यांचा वेळ काढला तर बाईचा २९९ मिनिटे, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी, आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. यात मुले आणि आजारी माणसे सांभाळणे नाही, ते वेगळे मोजले आहे. २०२४ ला पुन्हा पाहणी झाली. बाईची मिनिटे २९९ वरून २८९ झाली. दहा मिनिटे वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषाची ९७ वरून ८८ झाली आहेत. दोघांमधले अंतर होते २०२ मिनिटे, आता आहे २०१.

ह्या आकड्यांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. तर कोर्टातले ऐका. रस्त्यावरच्या अपघातात बाई गेली तर नुकसानभरपाई तिच्या कमाईवरून ठरते. घर सांभाळणाऱ्या बाईची कमाई किती धरायची? १९९४ च्या मोटार कायद्याच्या तक्त्यात नवऱ्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा धरा, असे होते. म्हणजे काम तेच, पण नवरा गरीब तर बाईचे मोल कमी. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात ह्यावर कडक शब्दांत लिहिले. घरकाम करणाऱ्या कोट्यवधी बायांना जनगणना भिकारी आणि कैदी यांच्याच रांगेत ‘काम न करणारे’ म्हणून बसवते, हेही न्यायमूर्तींनी दाखवून दिले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका जोडप्याच्या अपघाताचा निकाल आला. त्यात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या पाहणीतले तेच २९९ आणि ९७ मिनिटांचे आकडे दिले आणि घरकामाला आर्थिक मोल आहे, ते धरलेच पाहिजे, असे लिहिले. त्या कुटुंबाची भरपाई २२ लाखांवरून ३३ लाख २० हजारांवर गेली. दारात बसून कोणीतरी एका बाईला ‘काल पहाटेपासून काय काय केलेत?’ असे विचारले होते, ते टिपण इथवर पोचले.

आता आपल्या गटांकडे येऊ. पाहणीवाले काही वर्षांनी एकदा येतात, आपण महिन्याला भेटतो. आम्ही काही गटांत चिंचोक्यांचा खेळ घेतला. प्रत्येकीला चोवीस चिंचोके, एक चिंचोका म्हणजे एक तास. जमिनीवर खडूने खण आखायचे : पाणी, सरपण, चूल, धुणीभांडी, गुरे, शेत, मजुरी, मुले, झोप, स्वतःसाठी. कालचा दिवस आठवून चिंचोके वाटायचे. बहुतेकींचे चिंचोके स्वतःच्या खणापर्यंत पोचण्याआधीच संपले. एका ताईंनी तर शेजारणीकडून दोन उसने मागितले, ‘माझ्या कामाला चोवीस पुरत नाहीत’ म्हणाल्या. हसू झाले, पण त्यांचे बरोबर होते. भाजी चुलीवर, पोर मांडीवर आणि हाताने तांदूळ निवडणे चालू, हा एकच तास तीन कामांचा असतो. सरकारी पाहणीतही म्हणूनच एका अर्ध्या तासात तीन कामांपर्यंत लिहायची सोय ठेवली आहे.

खेळ संपल्यावर खरे बोलणे सुरू झाले. एका वाडीतल्या बायांनी पाहिले, की प्रत्येकीचा आठवड्यातून दीड-दोन तास गिरणीच्या रांगेत जातो. त्यांनी पाळी लावली. आता दोघी जणी हातगाडीवर सगळ्यांचे डबे नेतात. बैठकीची वेळ दुपारची होती, ती पाणी यायच्याच वेळेवर येत होती, म्हणून निम्म्या जणी गैरहजर असायच्या. वेळ बदलली. दुसऱ्या एका गटाने नळाची तक्रार नेली, तेव्हा नुसते ‘पाणी नाही’ असे न सांगता घरटी किती तास पाण्यात जातात, तो कागद ग्रामसभेत वाचला.

धंदा निवडतानाही हा हिशेब घाला. समजा, पापडाच्या कामात महिन्याला हजार रुपये सुटतात आणि शंभर तास लागतात, तर तासाला दहा रुपये पडले. शेळ्यांत आठशेच सुटले पण वेळ चाळीस तास लागला, तर तासाला वीस. नुसता नफा पाहिला तर पापड बरे वाटतात. पण भागाकार केल्यावर विचार करावा लागतो. मजुरी जास्त असलेल्या दिवसांत पापड लाटत बसायचे का, हेही त्यातच दिसते.

मात्र एक गोष्ट आम्ही बजावून सांगतो. चिंचोक्यांत मोकळा खण दिसला, की लगेच तिथे नवे काम घालायचे नाही. बाहेरून येणाऱ्या योजनांना बाईचा ‘फावला वेळ’ फार लवकर दिसतो. झोपेचे चिंचोके सहाच्या खाली गेलेल्या बाईला आणखी एक जोडधंदा सुचवणे हे आम्हाला पटत नाही. मोलाच्या कामात पैसा येतो, तसेच मुलीच्या अभ्यासाजवळ बसणेही येते आणि दवाखान्यात वेळेवर जाणेही येते. आणि घरातल्या बाप्यांनाही एकदा चोवीस चिंचोके द्या. त्यांचे कोणत्या खणात जास्त पडतात, ते त्यांनाच मोजू द्या. आमच्या अनुभवात भांडणापेक्षा ह्याचा परिणाम बरा होतो.

हा खेळ एकदा सुगीत आणि एकदा उन्हाळ्यात घ्या, कागद गटाच्या वहीला टाचून ठेवा. आणि जनगणनेचे किंवा पाहणीचे माणूस दारात आले, तर ओसरीवरच्या माणसाला तुमच्या वतीने उत्तर देऊ देऊ नका, हात पुसून स्वतः पुढे या. ‘काम करता का?’ ह्या प्रश्नाला ‘घरीच असते’ म्हणू नका. शेळ्या किती, धार कोण काढते, खुरपणीला किती दिवस गेलात, दुकानात कोण बसते, ते एकेक सांगा आणि समोरच्याने काय लिहिले, ते वाचून दाखवायला सांगा.