सीमेवरच्या बैलाचे मोल

डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. राजवट बदलली, तरी भातशेती बैलांच्याच खांद्यावर चालत राहिली. थकलेला बैल विकावा आणि त्या पैशांत भर घालून तरणा घ्यावा, ही शेतकऱ्याची जुनी रीत. थकलेल्या बैलाचे गिऱ्हाईक बहुधा खाटीकच असे. म्हणूनच नांगराचा आणि मांसविक्रीचा हिशेब आम्ही वेगळा मानीत नाही.

विक्रेत्याचे गणित साधे आहे. समजा, शंभर किलो मांस देणारे जनावर दोन हजार रुपयांनी महागले, तर किलोमागे वीस रुपये चढतात. तेवढी दरवाढ केली, की गिऱ्हाईक कोंबडीकडे वळते. न केली, तर नफा आटतो. पेडण्याच्या किनाऱ्यावरील खानावळवाल्यालाही हाच पेच पडतो.

हा भाव मात्र वैरण-पावसापेक्षा कायद्याने अधिक हलविला. गोव्यात १९७८च्या कायद्याने गोहत्येस बंदी आली; १९९५च्या कायद्याने निकामी ठरलेल्या बैलाची कत्तल दाखल्यानिशी करण्याची मुभा राहिली. महाराष्ट्राने २०१५ साली बैलांच्या कत्तलीस आणि त्यासाठी ती राज्याबाहेर नेण्यासही मनाई केली. परिणामी दोडामार्गच्या थकल्या बैलाला कायदेशीर खाटीक उरला नाही. तर लगतच्या डिचोलीत तसाच बैल दाखला मिळाल्यास विकता येत होता. एकाच मातीतल्या जनावरांची दोन मोले झाली!

गोव्याची मुख्य भिस्त कर्नाटकातून येणाऱ्या जनावरांवर होती. वाटेत होणाऱ्या त्रासाच्या निषेधार्थ जानेवारी २०१८मध्ये गोव्यातील व्यापाऱ्यांनी तेथून गोमांस आणणेच थांबविले. पुढे २०२१च्या आरंभी कर्नाटकचा नवा कायदा अमलात आला. तेरा वर्षांवरील म्हशी-रेडे वगळता कत्तल बंद झाली. उसगावच्या सरकारी कत्तलखान्याला जनावरे मिळेनात आणि गोवा सरकारला अन्य राज्यांकडे पाहावे लागले.

गायीविषयीची श्रद्धा आम्हांस परकी नाही. परंतु श्रद्धेने केलेल्या कायद्याचा खर्च कोणी सोसला, हे इतिहासाने नोंदविले पाहिजे. सीमेपलीकडे थकला बैल शेतकऱ्याच्या गोठ्यात खात उभा राहिला. अलीकडे महागलेल्या जनावराने विक्रेत्याची मिळकत खाल्ली. दोघांच्या नुकसानीचे कारण एकच होते. दोघांची गाठ मात्र कधी पडली नाही.