दुष्काळी मुलखाचा लोकप्रतिनिधी : गणपतराव देशमुख

एखाद्या वाचनालयाची शंभर वर्षे पूर्ण होतात तेव्हा त्याच्या कपाटांत केवळ ग्रंथ नसतात, तर शंभर वर्षांचे समाजजीवन साठलेले असते. राजे, सेनापती, संत, समाजसुधारक आणि स्वातंत्र्यसैनिक यांची चरित्रे आपल्याकडे विपुल आहेत. मात्र स्वातंत्र्यानंतर एखाद्या तालुक्याचे गाऱ्हाणे घेऊन वर्षानुवर्षे विधानसभेत उभा राहिलेला आमदार चरित्रकाराच्या दृष्टीस क्वचितच पडतो. त्याचे नाव इमारतींच्या कोनशिलांवर उरते आणि कोनशिला वाचायला कोणी थांबत नाही. ही उणीव थोडी तरी भरून निघावी, या हेतूने प्रस्तुत लेखात अशाच एका लोकप्रतिनिधीच्या कार्याचा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

सीमाभागातील मराठी वाचकाला या विषयाचे वेगळे महत्त्व आहे. बेज्जूर हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि २०१६ च्या जिल्हा-पुनर्रचनेनंतर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आले. ते सिरपूर विधानसभा मतदारसंघात मोडते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता नदी येथून जवळच वाहते. नदीच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले, तेव्हा मराठवाडा एकीकडे गेला आणि आदिलाबादकडील मराठी घरे दुसरीकडे राहिली. जो मुलूख राजधानीपासून दूर, राज्याच्या कडेला असतो, त्याला आपला आमदार म्हणजे सरकारचा एकमेव ओळखीचा चेहरा वाटतो. आमदाराने नेमके करावे काय, हा प्रश्न म्हणूनच अशा भागात अधिक आर्ततेने विचारला जातो. त्याचे एक उत्तर आपल्यापासून शेकडो मैल दूर, सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात सापडते.

आपल्याकडे अरण्य आहे आणि बारमाही नदीही आहे. सांगोल्याचे चित्र नेमके याच्या उलट आहे. माण नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही लहरी. खिल्लार बैल, शेळ्यामेंढ्या, ज्वारी-बाजरी आणि दुष्काळ पडला की परागंदा होणारी माणसे, ही माणदेशाची जुनी ओळख. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना दुष्काळाने ओस पडत जाणारे गाव निराळे सांगावयास नको. सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारे माणदेशी लोक आज देशातील अनेक शहरांत आढळतात. त्यांच्या स्थलांतराच्या मुळाशी हेच कोरडे आभाळ आहे.

या मुलखाचे प्रतिनिधित्व गणपतराव देशमुख यांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळ केले. त्यांचा जन्म १९२६ साली मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे झाला. वकिलीचे शिक्षण घेत असताना ते शंकरराव मोरे, केशवराव जेधे आदींनी स्थापिलेल्या शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांकडे ओढले गेले आणि पुढे सांगोला हीच त्यांची कर्मभूमी झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६२ साली जी पहिली निवडणूक झाली, तीत ते प्रथम विधानसभेवर निवडून आले. त्यानंतर १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशी विजयांची मालिका आहे. एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाकडून ११ वेळा विजयी होणे ही गोष्ट संसदीय इतिहासात दुर्मीळच म्हटली पाहिजे.

परंतु या मालिकेतील दोन खंडही तितकेच बोलके आहेत. १९७२ साली त्यांचा पराभव झाला आणि नेमक्या त्याच सुमारास महाराष्ट्रावर शतकातील एक भीषण दुष्काळ कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे खडी फोडीत होती, माती वाहत होती. ज्याचा तालुका सर्वाधिक होरपळला त्यांपैकी एक, तो मनुष्य त्या वेळी सभागृहाबाहेर होता. दुसरा पराभव १९९५ सालचा. अवघ्या १९२ मतांनी शहाजीबापू पाटील यांनी त्यांना हरविले. तोपर्यंत सात वेळा निवडून आलेल्या ज्येष्ठ नेत्यास मतदारांनी असे बाजूला सारले, तरी त्यांनी तालुकाही सोडला नाही आणि पक्षही बदलला नाही. पुढील निवडणुकीत, १९९९ साली, त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा विधानसभेत पाठविले.

त्यांच्या कारकिर्दीचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. हे दोन अल्पकाळ वगळता सत्तेची साधने त्यांच्या हाती नव्हती. मग एवढा दीर्घ विश्वास कशाच्या बळावर टिकला? एस.टी.च्या गाडीने प्रवास करणारा साधा आमदार अशी त्यांची कीर्ती सर्वत्र झाली आणि ती यथार्थच होती. पण साधेपणाने माणूस आदरणीय होतो. शेतात पाणी येत नाही. सांगोल्याच्या मतदाराने त्यांच्याकडे पाहिले ते कामाच्या हिशेबानेच.

त्या कामाचे पहिले अंग सहकाराचे. पावसावर विसंबलेल्या शेतीखेरीज तालुक्यात रोजगाराचे दुसरे साधन असावे, या विचारातून सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. तिचे नेतृत्व गणपतरावांकडे होते. सहकारी सूतगिरण्या महाराष्ट्रात पुष्कळ निघाल्या आणि त्यांतील बऱ्याच आजारी पडून बंदही झाल्या. हा अनुभव पाहता, दुष्काळी तालुक्यातील गिरणी चालती ठेवणे हे भाषणापेक्षा अवघड काम होते.

दुसरे अंग फळबागांचे. १९९० च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली. स्वतःच्याच शेतात खड्डे खणावे, रोपे लावावी आणि त्या श्रमाची मजुरीही मिळावी, अशी ही कल्पना होती. थोड्या पाण्यावर तग धरणाऱ्या डाळिंबाला सांगोल्याची हलकी, मुरमाड जमीन मानवली आणि ठिबक सिंचनाने पुढचे काम केले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे निघाली, ती सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारसाठी. एकेकाळी ज्या तालुक्यातून माणसे पोटासाठी बाहेर जात, तेथून आता फळे बाहेर जाऊ लागली. अर्थात याचे सारे श्रेय एका व्यक्तीस देणे इतिहासाला धरून होणार नाही. शासनाची योजना, संशोधकांचे साहाय्य आणि मुख्यतः शेतकऱ्यांचे कष्ट यांचे ते फळ आहे. तेल्या रोगाने बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या, हेही विसरून चालणार नाही.

तिसरे आणि सर्वांत मोठे अंग पाण्याच्या लढ्याचे. १९९३ साली आटपाडी येथे पाणी परिषदेस प्रारंभ झाला. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने सांगली, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले. गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर आदी नेते त्यात अग्रभागी होते. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी पठारावर न्यावे आणि त्याचे समन्यायी वाटप व्हावे, ही मागणी होती. तिला एक कालमर्यादाही होती. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. तोपर्यंत आपल्या वाट्याचे पाणी अडविले नाही, तर त्यावरील दावा दुबळा होण्याची भीती होती. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कऱ्हाडजवळील टेंभू येथून टप्प्याटप्प्याने पाणी उचलणारी योजनाही त्याच काळात हाती घेण्यात आली. तिच्या लाभक्षेत्रात सांगोल्याचाही समावेश होता.

येथे इतिहासकाराने थोडे थांबून कठोर प्रश्न विचारला पाहिजे. १९६२ साली निवडून आलेल्या आमदाराच्या तालुक्याला नदीच्या पाण्यासाठी पुढच्या शतकापर्यंत वाट पाहावी लागली, तर त्याच्या निष्ठेचे फलित काय? सत्ताधारी पक्षात गेले असते तर पाणी लवकर आले असते, असे म्हणणारे लोक होते व आहेत. हा आक्षेप पोकळ नाही. शेजारचे तालुके सत्तेच्या सान्निध्यात कालवे आणि साखर कारखाने उभारीत असताना सांगोल्याने विरोधी बाकांची किंमत मोजली, असे म्हणता येईल. पण याची दुसरी बाजूही आहे. सत्तेच्या कृपेने मिळालेले पाणी सत्तेबरोबर वळते. हक्क म्हणून मागितलेले पाणी तेरा तालुक्यांचे होते. गणपतरावांनी आपल्या मतदारांना मागणे शिकविले, याचना शिकविली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या कार्याचे मर्म येथेच आहे.

२०१४ साली ते अकराव्यांदा निवडून आले, तेव्हा त्यांच्या पक्षाचे संपूर्ण विधानसभेत अवघे तीन आमदार होते. २०१९ साली वयोमानामुळे त्यांनी निवडणूक लढविली नाही. त्यांचे नातू उभे राहिले, पण थोडक्या मतांनी पराभूत झाले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे गणपतरावांचे निधन झाले. पुढे २०२४ च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना सांगोल्याने निवडून दिले. घराण्याच्या नावाने चालणाऱ्या राजकारणावर टीका करणाऱ्या परंपरेत हा वारसा कसा बसतो, याचा निर्णय काळच करील.

वाचनालय आणि विधानसभा यांत एक साम्य आहे. दोन्ही संस्था लोकवर्गणीतून, म्हणजे लोकांच्या विश्वासातून चालतात. वाचनालयाचा कार्यवाह आणि मतदारसंघाचा आमदार हे दोघेही विश्वस्तच होत, मालक नव्हेत. आपल्या वाचनालयाच्या शंभर वर्षांत किती कार्यवाह झाले, किती सभासदांनी पदरमोड करून पुस्तके आणली, याची पुरती नोंद कोठे नसेल. तरीही दार रोज उघडत राहिले. सांगोल्याच्या त्या वृद्ध लोकप्रतिनिधीचे जीवनही असेच रोज दार उघडण्याचे होते. प्राणहितेच्या काठी असो वा माणगंगेच्या, लोकशाही टिकते ती अशा नित्य कामामुळे. तिची नोंद ठेवणे हे वाचनालयांचे कर्तव्य आहे आणि ती नोंद वाचून आपल्या प्रतिनिधीस प्रश्न विचारणे हे वाचकांचे.