खळ कोणी शिजवली?

सिनॉप्सिस मंजूर झाला होता, पहिल्या प्रकरणाचा कच्चा मसुदा गाईडकडे गेला होता, आणि मग रिद्धपूरच्या एका आजींनी त्यातलं मुख्य विधान पाच मिनिटांत मोडीत काढलं. ते कसं, हे आज सांगते. पीएचडीच्या तयारीत असलेल्यांना याचा उपयोग होईल, कारण ही चूक माझ्या एकटीची नाही. साधनं हाताशी असली की आपण सगळेच ती करतो.

माझा विषय 1960 च्या दशकातल्या वऱ्हाडातल्या भित्तिपत्रकांचा. काळ धामधुमीचा आहे. 1960 ला महाराष्ट्र झाला, कृषी विद्यापीठ अकोल्यालाच हवं म्हणून विदर्भात मोठं आंदोलन पेटलं, 1967 ला सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि 20 ऑक्टोबर 1969 ला अकोल्यात कृषी विद्यापीठ उभं राहिलं. त्याला आज डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव आहे. या काळातली जी काही पोस्टरं मला संग्रहांत बघायला मिळाली, ती जवळपास सगळी छापील होती. तळाशी छापखान्याचं नाव, गाव बहुतेक वेळा अमरावती, अकोला नाहीतर नागपूर. त्यावरून मी बेधडक लिहून टाकलं, की पोस्टर ही शहरी छापखान्यांची गोष्ट होती आणि गावं फक्त वाचणारी होती.

आता रिद्धपूर. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभाव पंथाचं मोठं स्थान. गोविंदप्रभू इथेच राहिले. माझी एक मैत्रीण महानुभाव पोथ्यांवर काम करते, तिच्यासोबत मी गेले होते. पोथ्या बघताना तिथल्या एका जाणत्या बुवांनी एक जुनं पान दाखवलं. कधीतरी फाटल्यावर त्याला मागून कागदाची पट्टी डकवलेली होती. बाकी पान चांगलं, पण कसरीने नेमकी पट्टीच्या खालची जागा खाल्लेली. बुवा म्हणाले, "जिथं खळ, तिथं कसर. पीठ आहे ना ते."

मी ऐकलं आणि वहीत टिपलं, पण तेव्हा त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही.

दुपारी गावातल्या एका आजींकडे बसलो. वय ऐंशीच्या पुढे. नाव छापू नको म्हणाल्या, म्हणून देत नाही. मी माझी प्रश्नावली काढली. पोस्टरं कोण आणायचं, कुठे छापायचे, त्यावर काय लिहिलेलं असायचं? आजी प्रत्येकाला "मले काय मालूम" म्हणत होत्या. मुलाखत वाया गेली असं वाटून मी रेकॉर्डर बंद करणार, तेवढ्यात त्या सहज बोलल्या, "लावाले पोट्टे जायचे. पन खय कोन शिजवे? आमीच ना बाई!"

मी मूळची सिंधुदुर्गातली. आमच्याकडे 'खंय' म्हणजे 'कुठे'. घरी येऊन रेकॉर्डिंग उतरवून काढताना मी चक्क 'खय?' असं प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं! मैत्रिणीने वाचलं आणि हसत सुटली. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, तशी खळ म्हणजे खय. पोस्टर चिकटवायची पिठाची खळ. दुसऱ्या दिवशी मी परत आजींकडे गेले, आणि या वेळी प्रश्नावली बॅगेतच ठेवली.

आजींनी सांगितलेली कृती अशी. कणीक आधी थंड पाण्यात कालवायची, गुठळी राहू द्यायची नाही. चुलीवर तपेल्यात पाणी उकळायला ठेवायचं. उकळलं की कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडायचं आणि ढवळत राहायचं, थांबायचं नाही. पांढरटपणा जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. कोणी आणून दिलं तर त्यात चिमूटभर मोरचूद. "ते तपेलं मंग सैपाकाले नाई घ्याचं," हेही त्यांनी बजावलं. मोरचूद विषारी असतं, ते टाकायचं किडा लागू नये म्हणून.

मी हॉस्टेलवर मोरचूद न घालता करून बघितली. 100 ग्रॅम मैदा, कालवायला एक पेला थंड पाणी आणि वर साधारण तीन पेले उकळतं. पहिल्या वेळी मैदा थेट गरम पाण्यात टाकला, तर नुसते गोळे झाले. कारण सोपं आहे. गव्हातल्या स्टार्चचे कण साधारण 60 अंशांच्या पुढे पाणी शोषून फुगतात. कोरडं पीठ गरम पाण्यात पडलं की बाहेरचे कण लगेच फुगून चिकट आवरण करतात आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. थंड पाण्यात आधी कालवलं की प्रत्येक कण सुटा असतो. दुसऱ्या वेळी खळ झकास जमली. दीड दिवसात आंबून वासही मारायला लागली. म्हणजे खळ साठवून ठेवता येत नाही. ज्या रात्री लावायचं, त्याच संध्याकाळी कोणीतरी चुलीपुढे उभं राहावं लागतं.

इथे मला पहिल्यांदा थांबून विचार करावा लागला. पोस्टर शंभर मैलांवरून छापून येईल, पण खळ गावातच आणि त्याच दिवशी शिजणार. म्हणजे प्रत्येक पोस्टरमागे गावातलं एक घर, एक चूल आणि थोडं पीठ आहे. माझ्या प्रकरणात यातलं काहीच नव्हतं.

पुढचा प्रश्न पिठाचा. वऱ्हाड ज्वारी खाणारा मुलूख. गहू सणासुदीचा. मग पोस्टरासाठी कणीक कोण देणार? आजी म्हणाल्या, "घरचे गहू कोन दे? कंट्रोलचे लाल गहू होते ना, त्याची." कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. हे ऐकून मी दुष्काळ आणि धान्य आयातीवरची पुस्तकं काढली. 1954 च्या पब्लिक लॉ 480 या अमेरिकन कायद्याखाली भारताने 1956 पासून गहू घ्यायला सुरुवात केली. 1965 आणि 1966 ला लागोपाठ पाऊस हुकला, आणि 1966 या एका वर्षात देशात सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आलं. त्यातला मोठा भाग गव्हाचा, आणि तो रेशन दुकानांतून वाटला गेला. आजींची आठवण या चौकटीत नीट बसते.

पण सावध राहायला हवं. चौकटीत बसणं म्हणजे सिद्ध होणं नाही. ती पोस्टरं विद्यापीठाची होती की निवडणुकीची, हे आजींना आठवत नाही, आणि मी ते त्यांच्या तोंडी घालणार नाही. अमेरिकन गव्हाच्या खळीने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पोस्टरं लागली, हे वाक्य प्रबंधात फार छान दिसलं असतं. मोह झालाही. पण एका मुलाखतीवर ते उभं राहत नाही. मी आत्ता एवढंच म्हणू शकते, की गावात खळ घरोघरी शिजत होती, बायका शिजवत होत्या, आणि निदान एका घरात ती रेशनच्या गव्हाची होती. आता आणखी गावांत विचारते आहे.

आता परत माझ्या चुकीकडे. संग्रहात छापील पोस्टरंच का उरली? बुवांचं वाक्य इथे कामाला आलं. खळ हे अन्न आहे. म्हणून कसर ती खाते, झुरळं खातात. भिंतीवरचं पोस्टर ओढून चघळणारी गाय किंवा शेळी तुम्हीही बघितली असेल. शिवाय नीट लावलेल्या पोस्टराला मागून आणि वरूनही खळीचा हात दिलेला असतो, तो निघतो तो चिंध्या होऊनच. चुन्याच्या भिंतीवर चुन्याचा पापुद्रा घेऊन गळतो, सारवलेल्या भिंतीवर सारवणासकट. आणि यातूनही वाचलं, तर दिवाळीच्या आधी भिंतीला नवा हात बसतोच.

म्हणजे जे पोस्टर आपलं काम करतं, ते संपतं. संग्रहात येतं ते बहुतेक वेळा कधीच न लागलेलं: गठ्ठ्यात राहिलेलं, कोणी घडी करून घरी ठेवलेलं, नाहीतर पोलिसांनी लावायच्या आधीच जप्त केलेलं.

याला कायद्याचीही जोड आहे. 1867 च्या प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स अॅक्टप्रमाणे प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण असणं बंधनकारक होतं. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-क प्रमाणे निवडणुकीच्या पोस्टरावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं लागतात, आणि छापणाऱ्याने एक प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची असते. राज्याच्या राजधानीत छापलं तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. थोडक्यात, छापील पोस्टराची एक कोरी, न लागलेली प्रत सरकारी कागदांत जायची वाट कायद्यानेच केलेली आहे. आणि हाताने लिहिलेलं? त्याच कलमात स्पष्ट म्हटलंय, की हाताने नक्कल करणं ही छपाई धरली जाणार नाही. म्हणजे वर्तमानपत्राच्या रद्दीवर गेरूने रंगवलेलं गावातलं पोस्टर या वाटेने सरकारी कागदांत जाणं शक्यच नव्हतं.

मला संग्रहात शहरी छापखाने दिसले, कारण तेच दिसतील अशी व्यवस्था होती. मी त्या व्यवस्थेला वऱ्हाडचा इतिहास समजले.

वऱ्हाडच्या कागदांची आणखी एक अडचण आहे, ती या भागावर काम करणाऱ्यांनी आधीच लक्षात ठेवा. हा मुलूख 1853 ला निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, 1903 ला मध्य प्रांताला जोडला गेला, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात होता, 1956 ला मुंबई राज्यात आणि 1960 ला महाराष्ट्रात आला. त्यामुळे कोणत्या सालाचा कागद शोधताय त्यावर हैदराबाद, नागपूर, भोपाळ की मुंबई हे ठरतं. एका दफ्तरात मिळालं नाही म्हणून "पुरावा नाही" असं लिहू नका.

यातून मी माझ्या कामात काय बदललं, ते थोडक्यात सांगते.

पहिलं, प्रत्येक पोस्टराची आता पाठ बघते. पाठीवर चुन्याचे कण, कुंच्याच्या फटकाऱ्यांचे वाळलेले पट्टे, फाटलेले कोपरे असतील तर ते बहुधा लागलेलं होतं. स्वच्छ पाठ आणि नीट घड्या असतील तर ते कोणाच्या तरी खिशातून किंवा टपालाने आलं. नोंदवहीत 'लागलेलं' आणि 'न लागलेलं' असा वेगळा रकानाच केला आहे. आयोडीनचा थेंब टाकला की स्टार्च निळा-काळा होतो, हे शाळेत शिकलोय. पण तो प्रयोग संग्रहातल्या कागदावर चुकूनही करू नका. डाग कायमचा राहतो.

दुसरं, मुलाखतीत आधी कामाबद्दल विचारते. मजकूर काय होता हे साठ वर्षांनी आठवत नाही, पण हाताने केलेलं काम आठवतं. खळ कशात शिजवली, पीठ कोणाचं, कुंचा कशाचा, रात्री किती वाजता निघायचे? याच प्रश्नांतून मला एक गोष्ट उलगडली. पोस्टरं रात्री लागायची ती पोलिसांच्या भीतीने, असं मी धरून चालले होते. आजींचं कारण वेगळं होतं: उन्हाळ्यात दिवसा खळ कुंच्यावरच वाळते.

तिसरं, मुलाखत उतरवताना बोलीतला शब्द आहे तसाच ठेवते आणि न कळलेल्या शब्दावर खूण करते, स्वतःच्या बोलीचा अर्थ त्यावर लादत नाही. एका 'खय'ने मला हे शिकवलं.

हे सगळं रिद्धपुरातच सुचावं याचं मला नंतर बरं वाटलं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' याच गावी सिद्ध केलं, आणि तेही ऐकीव गोष्टींवर न विसंबता. चक्रधरांना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं, त्यांच्याकडे जाऊन, विचारून आठवणी गोळा केल्या. महदाइसेसारख्या स्त्रियांची साक्षही त्यात होती. म्हणजे ज्याला आपण आज मौखिक इतिहास म्हणतो, त्याची रीत या गावाला सातशे वर्षांहून जुनी आहे. मी तिथे गेले होते आणि विचारत होते फक्त छापखान्यांबद्दल.

1995 चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आला, मग फ्लेक्स आले. फ्लेक्स दोरीने बांधतात, त्याला खळ लागत नाही. त्यामुळे खळ शिजवलेल्या बायका आता सगळ्या सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या गावात, तुमच्या घरातही असतील. या सुट्टीत गेलात तर एवढं एक विचारून या, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.

माझं पहिलं प्रकरण मी परत घेतलं आहे. गाईडना मेल लिहिताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "बरं झालं, व्हायवात कोणी विचारायच्या आधी कळलं."