जरीपटका ते महाल : नागपूरच्या चौकांचा वृत्तांत

नगराचा इतिहास राजदरबाराच्या दप्तरांत जितका सापडतो तितकाच तो चौकांतही सापडतो. राजवाडा एकाचा असतो; ज्यास उभे राहावयास दुसरी जागा नाही, चौक त्याचाही असतो. ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांस सोबत घेऊन जरीपटक्याहून महालापर्यंत पायी जावे, आणि वाटेतील चौकांस त्यांचा वृत्तांत विचारावा, असे आम्ही योजिले आहे.

आरंभ आपल्याच वस्तीपासून करू. जरीपटका म्हणजे मराठ्यांचे जरीचे निशाण. ते फौजेपुढे चाले. असे मानाचे नाव धारण करणाऱ्या ह्या भागात १९४७ च्या फाळणीनंतर घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबे वसली. ज्यांच्या हाती काही उरले नव्हते त्यांनी येथे बाजारपेठ उभी केली. निशाण विजयाचे असो वा नसो, ह्या वस्तीस ते शोभून दिसते.

येथून जवळच इंदोरा. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला, पण त्याची अंमलबजावणी लांबली. त्या चळवळीत नागपुरात ज्यांनी प्राण गमाविले, त्यांचे स्मारक इंदोऱ्याच्या पुलापाशी आहे. नामांतर प्रत्यक्षात घडले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव आणि अंमल ह्यांमध्ये सुमारे सोळा वर्षे गेली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

कामठी रस्त्याने कडबी चौक व गड्डीगोदाम मागे टाकीत आपण कस्तुरचंद पार्काशी येतो. ह्या विस्तीर्ण मैदानास सावकार सर कस्तुरचंद डागा ह्यांचे नाव आहे. नागपूरकरांनी मोठमोठ्या सभा येथेच ऐकिल्या. शेजारचा चौक पूर्वी रिझर्व्ह बँकेच्या नावाने ओळखला जाई. आता त्यास संविधान चौक म्हणतात, व तेथे बाबासाहेबांचा पुतळा आहे. पेढीच्या नावाऐवजी कायद्याच्या ग्रंथाचे नाव लागावे, हा बदल लहान नव्हे.

तेथून थोड्याच अंतरावर शून्य मैलाचा दगड लागतो. चार दगडी घोडे आणि एक स्तंभ असे त्याचे रूप आहे. हा हिंदुस्थानचा मध्यबिंदू होय, अशी लोकांची दृढ समजूत आहे. तथापि १९०७ सालची ही खूण भूमापन खात्याने समुद्रसपाटीपासूनची उंची निश्चित करण्यासाठी बसविली. ती उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे फुटाच्या सहस्रांशापर्यंत मोजलेली आहे. जमिनीची मोजणी किती काटेकोर करता येते, ह्याचा हा नमुनाच होय.

आणि ह्याच परिसरात गोवारी शहिदांचे स्मारक आहे. १९५६ साली नागपूरचे राजधानीपद गेले. पुढे नागपूर करारास अनुसरून महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरू लागले, आणि त्याबरोबर गाऱ्हाणी घेऊन येणारे मोर्चेही दरवर्षी येऊ लागले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलती मागण्यास आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्यू पावली. त्यांत स्त्रिया व बालके पुष्कळ होती. गुरे राखून पोट भरणारा हा समाज न्यायालयातही गेला. २०१८ साली उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. ज्या वर्षाच्या आरंभी एका लढ्यास यश आले, त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरा रक्ताने माखला. जमिनीची उंची मोजणारा दगड सर्वांस ठाऊक आहे. ह्या ११४ जणांसाठी मात्र वाटसरू क्वचितच थांबतो.

पुढे सीताबर्डीची टेकडी. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी येथे लढाई झाली, आणि नागपूरच्या स्वातंत्र्याचा पाया खचला. परंतु ह्याच भागाने १९२३ साली झेंडा सत्याग्रहही पाहिला. राष्ट्रध्वज घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाण्यास सरकारने मनाई केली होती. जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवक दररोज निघत व तुरुंगात जात. पुढे वल्लभभाई पटेलांनी तो लढा सिद्धीस नेला. व्हरायटी चौकात महात्माजींचा पुतळा आहे, तोही ह्याच वाटेवर.

रेल्वेचे रूळ ओलांडून आपण जुम्मा तलावाशी, म्हणजे आजच्या गांधीसागराशी, व जुम्मा दरवाजाशी, म्हणजे आजच्या गांधी गेटशी येतो. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने बारा वाड्या एकत्र करून नगर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान ह्याने तट आणि तलाव बांधिले. दरवाजाच्या आत महाल. भोसल्यांचा मोठा वाडा १८६४ साली जळाला. नगारखाना तेवढा वाचला. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही नावे मात्र अजून टिकून आहेत. राजांचा वाडा गेला. आठवड्याच्या बाजारास भाजी घेऊन बसणाऱ्यांचा वार राहिला.

नावे बदलतात, आणि बदलावीतही. पण नवे नाव देताना जुन्याची आठवण पुसली जाऊ नये. जुम्मा म्हणणारा गोंड राजास स्मरतो, गांधी म्हणणारा महात्माजींस. मुलांस दोन्ही सांगावी. ज्या स्मारकावर राजाचे वा पुढाऱ्याचे नाव नाही, तेथे घटकाभर अधिक थांबावे. राजांचे नाव घेण्यास बखरी आहेत. गुराख्यांचे नाव घेण्यास आपणच आहोत.