चक्रीवादळे : पर्वत व बाष्पवहन यांचा प्रभाव

उबदार सागरपृष्ठावरून मिळणारे बाष्प हे उष्ण कटिबंधीय चक्रीवादळाचे मुख्य इंधन असून, ते कोठून यावे व कोठे अडावे हे ठरविण्यात पर्वतांचा वाटा मोठा असतो. तिबेटचे पठार उन्हाळ्यात तापल्याने भारतावर उच्च स्तरात पूर्वेकडून वेगवान वारे वाहतात, आणि त्यांच्यात व खालच्या नैर्ऋत्य मोसमी प्रवाहात पडणाऱ्या तीव्र तफावतीमुळे ऐन पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातील न्यूनदाबक्षेत्रांची सहसा प्रचंड वादळे होत नाहीत.

सह्याद्री ओलांडताना बरेचसे पाणी कोकणातच टाकून आलेले अरबी समुद्राचे वारे दारव्ह्यापर्यंत (जि. यवतमाळ) पोचतात तेव्हा उणावलेले असतात, मात्र उपसागरातील आवर्त पश्चिमेस सरकू लागले, की ते हेच उरलेले बाष्प आपल्याकडे ओढून घेते. २६ सप्टेंबर २०२१ रोजी कलिंगपट्टणमनजीक भूमीवर आलेले ‘गुलाब’ वादळ जमिनीवर क्षीण झाले, तरी त्याच्या अवशेषाने तेलंगण, विदर्भ व मराठवाडा या मुलुखांत अतिवृष्टी केली, आणि अरबी समुद्रात उतरताच ‘शाहीन’ या नावाने नवा जोर धरून ते ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर आदळले.

केवळ वाऱ्याच्या वेगावरून वादळाची तीव्रता मोजण्याची रूढी अशा अंतर्भागास अपुरी पडते. कारण वारा विरल्यावरही पाऊस टिकला, तर काढणीस आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावरच कोंब फुटतात आणि कपाशीची बोंडे काळी पडून सडतात.