बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा
तापीकाठी वसलेल्या बऱ्हाणपूरने पिण्याच्या पाण्यासाठी तापीवर भिस्त ठेवली नाही, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. मोगलांचे हे दक्षिणेतले ठाणे. शत्रूने नदीचे पाणी नासवले तर, ही धास्ती होती असे सांगतात. म्हणून अब्दुल रहीम खानखानानच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी इराणी कनातीच्या धर्तीवर भुयारात अडवले गेले. वर शंभरावर कुंड्या, खाली मोटेवाचून निव्वळ उताराने वाहणारा प्रवाह! २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले. पण भुयारात चुन्याचे थर साचतात, वर केळीबागांसाठी कूपनलिका खोल जातात. झराच आटला, तर तो मान काय कामाचा? आधी सातपुड्याच्या पायथ्याशी पाऊस मुरायला हवा.